विसळलेलं पाणी

लातूरच्या ज्या कॉलेजाला मी प्रयोगातल्या उंदरांचं खाद्य पुरवत होतो, तिथून एक दिवस मला इंग्रजीत पत्र आलं. मी नववीत शाळा सोडून देगलूरच्या बाजारात शेळ्यांच्या मागे लागलेला माणूस. बायको बारावी झालेली. त्यामुळे आमच्या घरात माणसं मी वाचतो आणि इंग्रजी ती वाचते.

तिनं चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "तुमच्या खाद्यात जंताची दवा हाय असा त्यांना संशय हाय."

"कुणाच्या जंताची?"

"उंदराच्या. उंदराच्या पोटातले जंत मेलेत म्हणं."

मला पहिल्यांदा ही तारीफच वाटली. माझं खाद्य खाऊन कुणाचे जंत पडले असतील तर त्यांनी पेढे पाठवायचे सोडून पत्र कशाला पाठवलं, असं मी विचारलंसुद्धा. तेव्हा तिनं दुसरा परिच्छेद वाचला. त्यांना जंत जिवंत हवे होते. मुद्दाम पोटात घातले होते, आणि ते टिकतात की नाही यावरच तिथल्या एका मुलीची पीएचडी चालली होती. जंत नाहीसे झाल्यामुळे काम वाया गेलं, आणि तपास होईपर्यंत माझं खाद्य बंद. हेही मी पचवलं असतं. पण सगळ्यात खाली एक बारीक ओळ होती. या पत्राची प्रत नांदेडच्या दोन कॉलेजांना माहितीसाठी रवाना.

ती ओळ ऐकल्यावर मी हातातला कप आपटला. बशी फुटली. बायकोनं पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "बशीचं काय चुकलं?"

माझी गोष्ट अशी आहे. अर्धापूर रोडला माझं गोदाम आहे. शेळ्यांचं, कोंबड्यांचं खाद्य, जंताची दवा, अंथरायला भाताचं तूस, हे सगळं मी विकतो. उंदरांचं खाद्य हा त्यातला सगळ्यात लहान पण सगळ्यात अवघड धंदा. गोळ्यांसारखं कडक खाद्य असतं ते. त्यात काहीही भलतं चालत नाही, ना दवा, ना बुरशी, ना ओल. ते मी वेगळ्या खोलीत ठेवतो, त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. ज्या बाजारात मी वाढलो तिथे दोन दलाल दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, हात घालून बोटांनी भाव ठरवत. तिसऱ्याला कळत नसे. पण एकदा बोट दाबलं की शब्द फिरवायचा नाही. तिथे माणसाकडे भांडवल म्हणून एकच गोष्ट असते, नाव. मी शून्यापासून जे उभं केलं ते त्या नावावर. आणि ते नाव एका इंग्रजी पत्राच्या तळाशी, माहितीसाठी म्हणून, नांदेडला रवाना झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअप काढून लातूर गाठलं.

त्या मुलीच्या गाईडना तिथे सगळे सर म्हणतात, मीही सरच म्हणतो. सरांनी मला बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसवलं. आत बोलावल्यावर बसा म्हणाले नाहीत. एकच प्रश्न विचारला. तुमच्या दुकानात जंताचं औषध असतं का? मी म्हणालो, असतं. सर म्हणाले, मग झालं तर.

आता राग हा माझा जुना आजार आहे. मी म्हणालो, "सर, तुमच्या घरात उंदीर मारायची दवा असंल की. म्हणून काय ती तुमच्या पोळीत निघती का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं म्हणणं साधं होतं. काळ्या उंदरांचे दोन पिंजरे. दोघांना सारखेच जंत दिले, अगदी थोडे. पहिल्या पिंजऱ्यानं जुन्या पोत्यातलं खाद्य खाल्लं, त्यातले जंत टिकले. दुसऱ्या पिंजऱ्याला माझं नवं पोतं लागलं, त्यातले सगळे नाहीसे. फरक फक्त पोत्याचा. असं सांगून त्यांनी चष्मा लावला आणि समोरचे कागद वाचायला लागले. याचा अर्थ तुम्ही जाऊ शकता असा होतो, हे मला जिन्यापर्यंत आल्यावर कळलं.

जिन्यात मागून चपलांचा आवाज आला. तीच मुलगी, जिचे उंदीर. जळकोटची. अंगात पांढरा कोट, केस टोपीत कोंबलेले, चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याची खूण.

"काका, तुम्ही लई जोरात बोलून राहिलात," ती म्हणाली. "खाली उंदरं हायेत. बिथरतात."

"तुमची उंदरं बिथरतात. माझ्या तीस वर्षांच्या नावाचं काय, ताई?"

ती म्हणाली, नव्या पोत्यातलं खाद्य तपासायला बाहेर पाठवायचं आहे, पण निकाल कधी येईल कुणाला माहीत. आणि तिला मनातून खाद्याचा दोष पटत नव्हता, कारण त्याच पोत्यातलं खाद्य खाणाऱ्या दुसऱ्या उंदरांच्या अंगावर कुठलाही परिणाम दिसत नव्हता. पण मग जंत गेले कुठे? तिसरं वर्ष चालू होतं. त्या एका प्रकरणावर पुढचं सगळं उभं होतं.

मी ठरवलं, हिच्याशी भांडण्यात फायदा नाही. हिला आधी समजून घ्यावं. माल कळल्याशिवाय भाव करू नये.

त्यानंतर दर आठवड्याला, लातूरकडे माल टाकायला गेलो की, मी कॉलेजात चक्कर मारायला लागलो. उंदरांच्या खोलीत मला सोडत नसत. शेजारच्या खोलीत, काचेतून बघता येत असे. एका रांगेत पांढरे उंदीर, एका रांगेत काळे. माझं बंद झालेलं खाद्य त्यांच्या पिंजऱ्यांवर नसे, दुसऱ्या कुणाचं असे, आणि ते पोत्यातून निघतानाच भुकटी व्हायचं हे मला काचेतूनही दिसत होतं. ते मी कुणालाही बोललो नाही. फक्त तिला, सरांना, पहारेकऱ्याला आणि कॅन्टीनवाल्याला सांगितलं.

त्या मुलीनं मला जे शिकवलं ते असं. उंदराच्या आतड्यात राहणारा एक जंत असतो, एका टोकाला दोऱ्यासारखा बारीक, दुसऱ्या टोकाला जाड, चाबकासारखा. माणसाला तो लागत नाही. त्याची अंडी पाण्यातून उंदराच्या तोंडात सोडतात. पांढऱ्या उंदराला दिली की तो थोडे दिवस सोसतो आणि मग त्याचं अंग जागं होतं. आतडं चिकट पाणी सोडतं, आकसतं, आणि आतल्या कातडीच्या पेशी भराभर नव्या करतं. जंत धरून बसलेला असतो जुन्या पेशीला. खालून नवी आली की जुनी वर सरकते, गिरणीच्या पट्ट्यासारखी, आणि तिच्याबरोबर जंतही सरकत सरकत बाहेर.

"म्हणजे दवा आपल्याच अंगात असती," मी म्हणालो.

"हाव. पण अंगानं ठरवावं लागतं ना, की कोणता राग काढायचा."

हे मला आवडलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे अंगात दोन तऱ्हेचे राग असतात. एक राग जंत हाकलायचा, वर सांगितला तसा. दुसरा राग पेशींच्या आत लपणाऱ्या बारीक जंतूंसाठी. तो राग आग लावतो, सूज आणतो. जंतासारख्या धुडावर दुसरा राग काढला तर आतडं सुजतं ते उंदराचंच, जंताचं काही बिघडत नाही. तो तिथेच संसार मांडतो.

आणि काळा उंदीर? काळ्याची गंमत वेगळी होती. त्याला एकदम ढीगभर अंडी दिली, तर त्याचं अंगही बरोबर रागावतं आणि जंत काढून टाकतं. पण बोटांवर मोजण्याइतकीच दिली, तर त्याचं अंग चुकतं. भलता राग निघतो, आणि जंत मुक्कामाला राहतात. उंदीर तोच, जंत तोच. थोडे आले तर राहिले, एकदम आले तर गेले. याच गोष्टीचा ती अभ्यास करत होती, आणि म्हणूनच दोन्ही पिंजऱ्यांना तिनं थोडीच अंडी दिली होती.

हे ऐकून मी परत येताना गाडी अहमदपूरच्या पुढे बाजूला लावली. कारण मला आमचा बांध आठवला. देगलूरकडे आमचं वडिलोपार्जित वावर आहे. शेजारी चुलत भावाचं. तो दरवर्षी नांगरताना बांध कोरतो. वर्षाला बोटभर, फार तर दोन बोटं. एवढ्यासाठी भांडायचं काय, असं म्हणत मी गप्प बसलो. आता तिथे नांगराचं एक तास मावेल एवढी जमीन त्याच्याकडे गेली आहे. एका दिवसात एवढी घेतली असती तर मी त्याची कॉलर धरली असती. बोटाबोटानं घेतली, म्हणून माझ्या अंगाला कळलंच नाही.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मग बरोबर हाय. तुमचा राग काळ्या उंदराचा हाय. बशीवर निघतो, बांधावर निघत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मोजणीचा अर्ज दिला. चुलत भावाचा फोन आला, एवढी वर्षं कुठं होतास म्हणून. मी म्हणालो, उंदरांकडं शिकायला.

पण माझ्या नावाचं काम तसंच अडलं होतं. बाहेर पाठवलेल्या खाद्याचा निकालही आला नव्हता. नांदेडच्या एका कॉलेजानं फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्यानं, तुमचं प्रकरण मिटलं की बघू, असं गोड आवाजात सांगितलं. गोड आवाज सगळ्यात वाईट. शिवी दिली तर सौदा अजून जिवंत असतो.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर ती डबा खात बसली होती. मला बघून डब्याचं झाकण पुढे केलं. वरण, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी नको म्हणालो. तिच्या बाबांचा फोन आला. "जय भीम बाबा, जेवते," एवढं बोलून तिनं ठेवला. जेवण झाल्यावर तिनं वरणाच्या डब्यात बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, डबा गोल फिरवला, कडेला चिकटलेलं सुटेपर्यंत, आणि ते पाणी पिऊन टाकलं. काही विशेष नाही. माझी आईही तसंच करायची. दुधाचं भांडं विसळून ते पाणी कुणाच्या तरी चहात. आमच्यासारख्या घरात भांडं विसळल्याशिवाय घासायला जात नाही.

मी तीस वर्षं माणसांचे हात बघत आलोय. भाव तोंडात नसतो, हातात असतो. तिचे हात डबा फिरवताना जसे फिरले, तसे ते दुसरीकडेही फिरले असणार, असं एकदम वाटलं.

"ताई," मी विचारलं, "अंडी ज्या नळीत असतात, ती नळी तुम्ही शेवटी काय करता?"

"धुवायला टाकते."

"त्याच्या आधी?"

तिचा हात डब्यावर थांबला. मी बघत होतो. तिनं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"अंडी लई मुश्किलीनं मिळतात, काका," ती हळू म्हणाली. "दुसऱ्या उंदरात जंत वाढवा, ते काढा, अंडी जमवा, महिनाभर सांभाळा."

"विसळली का नळी?"

"थोडं पाणी घालून. वाया कशाला घालवायचं म्हणून."

"आणि ते पाणी कुणाला दिलं?"

"शेवटच्या पिंजऱ्याला," ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला.

बाकीचं मी तिला सांगितलं, कारण ते मला शेळ्यांनी शिकवलं होतं. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी शंभर शेळ्यांना जंताची दवा पाजली होती. बाटली हलवली नाही. दवा जड, तळाशी बसली. पहिल्या शेळ्यांना नुसतं पाणी मिळालं, शेवटच्यांना गाळ. पहिल्या तशाच राहिल्या, शेवटच्यांना दोन दिवस उभं राहता आलं नाही. जंताची अंडीही जड असणार. नळी उभी ठेवून ती एकेक उंदराला पाजत गेली. वरचं पातळ पाणी पहिल्या पिंजऱ्याला, तळाचा गाळ दुसऱ्याला, आणि त्यात भर म्हणून विसळलेलं पाणी. वहीत दोघांपुढे एकच आकडा लिहिला होता. खोटं नव्हता लिहिला. विसळणं कुणी लिहीत नाही. पंगतीत वरण वाढताना शेवटच्या माणसाला डाळ जास्त गेली, हे कोण लिहितं?

दुसऱ्या पिंजऱ्याला थोडी नव्हे, ढीगभर अंडी मिळाली होती. त्या काळ्या उंदरांचं अंग बरोबर रागावलं आणि त्यांनी जंत काढून टाकले. माझ्या पोत्याचा काही संबंध नव्हता.

खरं सांगतो, माझे पाय जिन्याकडे वळले होते. वर जाऊन सरांच्या टेबलावर हात आपटायचा, हे दृश्य मी किती दिवस मनात घोळवत होतो. पण ती पायरीवर डबा धरून बसली होती, आणि तिचा चेहरा बघून मी पाय मागे घेतला. दयेनं नव्हे, हिशेबानं. मी जाऊन सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, पुरवठादार आपली कातडी वाचवून राहिलाय, आणि पोरीला धमकावलं असणार. तिनं सांगितलं असतं तर तिची चूक निघाली असती, आणि तिसऱ्या वर्षात सरांचा कोणता राग निघेल, पांढरा की काळा, कोण सांगणार. आम्हाला असा साक्षीदार हवा होता ज्याला विकत घेता येत नाही. तसे साक्षीदार खाली पिंजऱ्यात होते.

म्हणून आम्ही पायरीवरच सौदा केला. मी माझी दस्ती काढली, तिला म्हणालो, हात घाल. ती हसायला लागली. मग घातला. दस्तीखाली मी तिची तीन बोटं दाबली. एक, सरांना सगळं तूच सांगायचं, विसळल्यासकट. दोन, प्रयोग पुन्हा करायचा आणि दोन्ही पिंजऱ्यांना माझं तेच बदनाम पोतं घालायचं. तीन, निकाल काहीही आला तरी मी आवाज चढवणार नाही. तिसरं बोट तिनं जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

ती त्याच दुपारी सरांकडे गेली. मी खाली गाडीत. काचा बंद करून, स्वतःलाच धरून बसलो होतो. ती तासाभरानं आली. सर रागावले नव्हते. सरांनी म्हणे एवढंच विचारलं, नळी विसळायची गरजच काय? तिनं सांगितलं, घरी तसंच करतात. सरांना ते समजेना. त्यांच्या घरी भांड्याला बाई आहे. पण प्रयोग परत करायला त्यांनी नाही म्हटलं नाही, कारण खाद्यापेक्षा हे त्यांना जास्त रंगतदार वाटलं. उंदरांवर प्रयोग करायला कमिटीची परवानगी लागत होती, ती यायला वेळ गेला. तोवर मी पोतं राखलं.

पोत्याची कथा वेगळीच. मी म्हणालो, पोतं सीलबंद पाहिजे. सर म्हणाले, कपाटात ठेवतो. मी म्हणालो, कपाट तुमचं, किल्ली तुमची, पोतं माझं. शेवटी मी दाभण आणि सुतळी आणली, तोंड शिवलं, शिवणीवर माझ्या अंगठ्याएवढी शाईची खूण केली आणि सरांना सही करायला लावली. सरांनी मार्करनं पोत्यावर सही केली. इतकी वर्षं शिकून आपण पोत्यावर सही करू असं त्यांना वाटलं नसेल. मलाही एका प्रोफेसरची सही तुसाच्या वासात मिळेल असं वाटलं नव्हतं.

पुन्हा अंडी दिली त्या दिवशी मला काचेबाहेर उभं राहू दिलं. या वेळी तिनं पहिल्या पिंजऱ्यासाठी नळी दर उंदरापूर्वी हलवली, दरवेळी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून. दुसऱ्या पिंजऱ्यासाठी नळी तशीच उभी ठेवली, तळ गाठला, आणि शेवटी पाणी घालून गोल फिरवलं, डबा फिरवते तशीच. मधेच तिनं काचेतून माझ्याकडे बघितलं. मी दस्ती दाखवली.

पुढचे पाच-सहा आठवडे मी कसे काढले ते बायकोला विचारा. या काळात गोदामात दोन बश्या फुटल्या आणि एका गिऱ्हाइकाला मी विनाकारण मोठ्या मापानं माल दिला, हे दोन्ही तिनं नातेवाइकांना सांगितलं आहे. माझं मन लातूरला. मी स्वप्नात पट्टा बघायचो, गिरणीसारखा, आणि त्यावरून जंत सरकताना.

शेवटी लेंड्या तपासायचा दिवस आला. जंत जिवंत असले की त्यांची अंडी उंदराच्या लेंड्यांत उतरतात. लेंड्या हा माझा विषय. शेळीची लेंडी हातात घेऊन मी तिचं पोट सांगतो. पण ही तपासणी सूक्ष्मदर्शकातून. पहिल्या पिंजऱ्याची तिनं आधी बघितली आणि मला जागा करून दिली. मी डोळा लावला. काही दिसेना. मग तिनं एक चाक फिरवलं आणि एकदम दिसलं. लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच लावलेलं. एक, मग दुसरं, मग बरीच.

"हीच का ती?"

"हीच. ह्यांच्यात जंत हायेत, काका. मजेत."

म्हणजे माझं बदनाम पोतं खाऊन जंत मजेत होते. माझ्या पोत्यात दवा असती तर एक तरी जगला असता का?

मग दुसरा पिंजरा. तिनं बघितलं. एक लेंडी, दुसरी, तिसरी. तिनं सगळ्या उंदरांच्या बघितल्या. मी मागे उभा, कमरेच्या किल्ल्या मुठीत दाबून, आवाज होऊ नये म्हणून. ती उठली आणि मला खुर्ची दिली. मी डोळा लावला, चाक स्वतः फिरवलं. लिंबं नव्हती. एकही नाही.

सर मागे कधी येऊन उभे राहिले होते, कळलं नाही. त्यांनीही बघितलं. मग ते तिच्याशी इंग्रजीत भराभर बोलायला लागले, हात हलवत, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा माणसासारखा दिसला. मला कळलं ते एवढंच, की चूक म्हणून जे निघालं ते आता तिच्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण होणार होतं. अंगाला शत्रू पुरेसा दिसला तरच त्याचा राग बरोबर वाटेनं जातो, ही गोष्ट तिनं ठरवून करायच्या आधीच विसळून सिद्ध केली होती.

मी घसा खाकरला.

सर म्हणाले, हो हो, तुमचं काम झालं, मी नांदेडला फोन करतो. मी म्हणालो, पत्र इंग्रजीत आलं होतं. सर म्हणाले, मेल करतो. मी म्हणालो, पत्र कागदावर आलं होतं, सहीनिशी, आणि तळाला प्रत रवाना होती. सर म्हणाले, एवढं काय त्यात. तेव्हा माझ्या आतला राग वर आला, आणि मी तिसरं बोट आठवून तो गिळला. अतिशय हळू आवाजात मी म्हणालो, "सर, बदनामी ढीगभर केलीत. माफी थेंबभर देऊ नका. थोडी दिली की अंगी लागत न्हाई."

ती मुलगी खाली बघून हसली. सर हसले नाहीत, पण टेबलावरचा कागद ओढला.

पत्र तितक्याच परिच्छेदांचं आलं. बायकोनं दोनदा वाचलं. तळाला प्रत नांदेडच्या दोघांना रवाना होती. त्यातल्या गोड आवाजाच्या कॉलेजाचा फोन आला, आवाज पुन्हा खडबडीत झाला होता, म्हणजे सौदा जिवंत होता. पोतं मी परत मागून आणलं. सरांची सही असलेलं ते गोदामात टांगलं आहे, गिऱ्हाइकाला दाखवतो.

सौदा मिटला की मापावर एक मूठ मागायची, ही आमची रीत. मी सरांकडे मागितली. प्रबंधात माझं नाव असावं. ते म्हणाले, बघू. प्रबंध मंजूर झाल्यावर त्या मुलीनं एक प्रत स्वतः घरी आणून दिली. जेवायला थांबली, आणि जेवल्यावर वरणाची वाटी विसळून प्याली. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

ती गेल्यावर बायकोनं आभाराचं पान काढलं. सरांचं नाव, कॉलेजचं नाव, आईबाबांचं, कमिटीचं, सगळ्यांचं पूर्ण. आणि शेवटी एक ओळ, की खाद्य पुरवठादारांच्या एका मौल्यवान सूचनेबद्दल आभार. बायकोनं ती तीनदा वाचली, कुठे नाव दडलंय का म्हणून. नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. मुलगी रडकुंडीला आली. तिनं नाव लिहिलं होतं, म्हणाली. सरांनी खोडलं. पुरवठादाराचं नाव घातलं की जाहिरात होते, असा नियम आहे म्हणे.

असेल नियम. तुमच्याही लक्षात आलं असेल, या सगळ्या हकिकतीत मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. सरांचं तर मुद्दाम नाही. बायको म्हणते, झालं की मग बरोबरीत, आता तरी सोडा. मला तसं वाटत नाही. त्यांनी एक नाव खोडलं. मी त्या बदल्यात सगळीच खोडली आहेत, तरी अजून थोडं बाकी वाटतं.